नशीब शाळेतच शिकवलं जातं

२००८ साली पुण्यात एक प्रयोग झाला. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० जन्मपत्रिका जमवल्या. त्यातल्या १०० शाळेत हुशार ठरलेल्या मुलांच्या होत्या, उरलेल्या १०० गतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं: यातल्या ४० पत्रिका तुम्हाला देतो, कोणती हुशार मुलाची आणि कोणती गतिमंद मुलाची, एवढंच ओळखा. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. छापा-काटा केला असता तरी निम्मी बरोबर आली असती.

बुद्धी पत्रिकेत दिसत नाही हे दाखवायला याहून स्वच्छ पुरावा मिळणं अवघड. पण त्याने फरक काय पडला? दहावीनंतर सायन्स की कॉमर्स हे पत्रिका दाखवून ठरवणारी घरं आजही आहेत. ‘सध्या साडेसाती चालू आहे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणत फेरपरीक्षेचा फॉर्मच न भरणारीही आहेत. यावर विवेकवादी मंडळींचा निष्कर्ष ठरलेला असतो: लोक दैववादी आहेत म्हणून मुलं मागे पडतात, दैववाद काढा, निकाल सुधारेल. माझं म्हणणं जवळजवळ उलटं आहे. शाळकरी मुलाचं नुकसान करणारा दैववाद बहुतेक वेळा पंचांगातून आलेला नसतो. तो वर्गात तयार होतो, वर्षानुवर्षं, चाचणीमागून चाचणी. सटवी, साडेसाती, ग्रह हे त्याला घरी मिळालेले शब्द असतात, एवढंच.

आधी दैवाच्या बाजूने थोडं बोलायला हवं. ‘सगळं वरच्याच्या हातात’ हे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याइतकं दुसरं कोणी म्हणत नसेल. पण म्हणून तो नांगरट सोडत नाही. बियाण्याला बीजप्रक्रिया करतो, वापसा बघून पेरतो, पहिली पेरणी वाया गेली तर उसनवारी करून दुबार पेरतो. दैवावरची श्रद्धा आणि कष्ट एकाच माणसात सुखाने नांदतात, कारण खुरपलेल्या आणि न खुरपलेल्या रानातला फरक त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. पाऊस हातात नाही, तण हातात आहे, ही वाटणी त्याला कोणी भाषण देऊन शिकवलेली नाही. परंपरेनेही कर्माचे तीन भाग सांगितले: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. तिसरा भाग आज, आत्ता, स्वतः करायचा. देवापुढे दिवा लावून अभ्यासाला बसणारी हजारो मुलं उत्तम गुण मिळवतात. पेपरच्या सकाळी पेन गणपतीच्या पायाशी ठेवायला एक मिनिट लागतं आणि हाताची थरथर थोडी कमी होते. त्यावर संतापण्यासारखं काही नाही.

खरा घोळ निकालानंतरच्या दैवाचा आहे. परीक्षेआधी आठवलेलं दैव धीर देतं. निकालानंतर आठवलेलं दैव कारण म्हणून वापरलं जातं, आणि पुढच्या सत्रात मूल काय करणार हे त्या कारणावर ठरतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी अपयशाच्या कारणांना तीन प्रश्न लावले. कारण माझ्या आतलं की बाहेरचं? टिकून राहणारं की बदलणारं? माझ्या ताब्यातलं की ताब्याबाहेरचं? मूल पुन्हा पुस्तक उघडेल की नाही, हे मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरावर अवलंबून असतं. वायनर यांच्या तक्त्यात नशीब बदलणाऱ्या कारणांत बसतं: आज फासा वाईट पडला, उद्या चांगला पडेल. आपल्याकडचं नशीब तसं नाही. सटवी बाळाच्या कपाळावर एकदाच लिहिते. तिच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, खोडरबर ठेवत नाहीत. म्हणजे आपलं नशीब टिकणारं आणि ताब्याबाहेरचं. आता शिक्षकखोलीतलं सगळ्यांत लाडकं स्पष्टीकरण घ्या: ‘त्याला डोकंच नाही.’ तेही टिकणारं आणि ताब्याबाहेरचं. फरक इतकाच की कारण बाहेर होतं ते आत आलं. सटवीच्या लेखात मुलाचा दोष तरी नव्हता.

म्हणून स्वतःला आधुनिक समजणारं घर जेव्हा ‘आमचा नशिबावर विश्वास नाही, पण आमच्या घराण्यात गणित कोणालाच नाही’ असं म्हणतं, तेव्हा त्याने फक्त देव बदललेला असतो.

दैवावरच्या विश्वासाचा आणि गुणांचा संबंध आहे का? आहे. १९६६ च्या कोलमन अहवालासाठी अमेरिकेतल्या लाखो विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यांच्यासमोर काही विधानं ठेवली होती: यशासाठी कष्टांपेक्षा नशीब महत्त्वाचं, मी पुढे जायला निघालो की कोणी ना कोणी आडवं येतं, माझ्यासारख्यांना फारशी संधी नसते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत, आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे ही भावना आणि गुण यांचं नातं शाळेच्या सोयीसुविधांपेक्षाही घट्ट निघालं. आपल्याकडच्या व्याख्यानांत हा निष्कर्ष इथपर्यंतच सांगितला जातो. पण ताबा वाटतो म्हणून गुण मिळतात, की गुण मिळतात म्हणून ताबा वाटतो, हे त्या पाहणीतून ठरत नाही. शिवाय त्या काळच्या अमेरिकेत त्या मुलांच्या वाटेत खरोखरच कोणी तरी आडवं उभं होतं. त्यांचं उत्तर अंधश्रद्धा नव्हतं, निरीक्षण होतं.

आपल्या वर्गातलं निरीक्षण काय आहे ते बघू. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. ज्याला भागाकार येत नाही तो मुलगा नववीत बहुपदींना आणि दहावीत वर्गसमीकरणांना सामोरा जातो. तो शाळा बुडवत नाही. फळ्यावरचं सगळं उतरवून घेतो, वही पूर्ण ठेवतो, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून लावलेल्या क्लासलाही जातो. वीस गुणांच्या चाचणीत त्याला तीन पडतात. मग तो दिवसाला एक तास जास्त बसतो. पुढच्या चाचणीत चार. कष्ट आणि फळ यांचा संबंध नाही हे त्याला कोणा ज्योतिषाने सांगितलेलं नाही. त्याने ते स्वतः, पाच-सहा वर्षं, दर घटक चाचणीला मोजलेलं आहे. ‘गणित नापास होणं आपल्या पाचवीलाच पुजलंय’ हे त्या मोजणीचं सार असतं. अशा मुलाला ‘मेहनत कर, फळ मिळेल’ सांगणं हा त्याच्या अनुभवाचा अपमान आहे.

इथे प्रयत्नवाद्यांचीही उलटतपासणी व्हायला हवी. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ भिंतीवर रंगवलेलं असतं, पण प्रयत्न म्हणजे नक्की काय करायचं हे कोणत्याही भिंतीवर नसतं. बहुतेक मुलांसाठी अभ्यास म्हणजे धडा तीन-चार वेळा वाचणं आणि गाईडमधली उत्तरं उतरवणं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग इथे उपयोगी आहे. विद्यार्थ्यांनी दोन उतारे वाचले. मग एक पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिलेल्या उताऱ्यातला ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचलेल्यातला ४२ टक्के. वारंवार वाचण्याने ‘मला येतंय’ अशी खात्री वाटते आणि पेपरात काही आठवत नाही. ‘रात्री सगळं पाठ होतं, पेपर हातात आला आणि पाटी कोरी झाली, नशीबच फुटकं,’ ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. तिच्यात नशिबाचा भाग फार थोडा असतो. आठवण्याचा सरावच कधी झालेला नसतो.

आता एक गणित, कारण तपशिलाशिवाय हा वाद हवेत राहतो. दहावीच्या गणित भाग १ चं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे. समजा समीकरणं अशी आहेत:

३क्ष + २य = १२
३क्ष − ४य = −६

वरच्यातून खालचं वजा करायचं. क्षचं पद जातं. २य मधून −४य वजा केले की ६य, १२ मधून −६ वजा केले की १८. य = ३, क्ष = २. कच्चा मुलगा काय करतो? खालच्या ओळीतल्या सगळ्या पदांची चिन्हं बदलायची हे विसरतो, फक्त पहिल्याचं बदलतो. त्याच्याकडे २य − ४य = −२य आणि १२ − ६ = ६ असं येतं. य = −३. ही किंमत वरच्या समीकरणात घालून तो क्ष = ६ काढतो. ताळा पाहिलाच तर त्याच वरच्या समीकरणात पाहतो: १८ − ६ = १२. चोख! मूल निर्धास्त. खालच्या समीकरणात घातलं असतं तर १८ + १२ = ३० आले असते, हवे होते −६.

अशी पाच उदाहरणं सोडवली तर पाचही चुकतात. पानभर लाल फुल्या दिसतात, आणि मुलाला वाटतं आपल्याला हे प्रकरणच येत नाही. खरं तर त्याने पाच चुका केलेल्या नाहीत, एकच चूक पाच वेळा केली आहे. ती दहावीच्या अभ्यासक्रमातली नाहीच. ऋण संख्येची वजाबाकी हा आधीच्या इयत्तांचा भाग आहे, आणि संख्यारेषा काढून एका तासिकेत तो पक्का करता येतो. ही बातमी त्या मुलाला कोणी देत नाही. फुली बोलत नाही. मग रिकाम्या जागेत नशीब बोलतं.

म्हणून दैववादावर उपाय शोधायचा तर तो प्रबोधनाच्या व्याख्यानात शोधू नये. चाचणीचे पेपर परत देतात त्या तासात शोधावा. बहुतेक शाळांत या तासाला गुण मोठ्याने वाचून दाखवतात, पहिल्या तिघांना टाळ्या, शेवटच्यांना टोमणा, आणि पेपर दप्तरात. त्याऐवजी काय करता येईल ते सविस्तर लिहितो.

पेपर परत देताना एकूण गुण त्यावर लिहू नयेत, निदान त्या दिवशी तरी. रुथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळांत तपासलं होतं: ज्यांना फक्त शेरा मिळाला ती मुलं पुढच्या कामात सुधारली. ज्यांना शेरा आणि गुण दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही, कारण गुण दिसले की शेरा कोणी वाचत नाही. नंतर प्रत्येक फुलीशेजारी मुलाने स्वतः एक अक्षर लिहायचं. प्रश्न कळलाच नाही तर ‘क’. कळला पण रीत माहीत नव्हती किंवा अर्ध्यात अडली तर ‘र’. रीत बरोबर, पण चिन्ह, आकडेमोड किंवा उतरवताना गफलत झाली तर ‘ह’. वेळ पुरला नाही तर ‘व’. चाळीस गुणांच्या पेपरला हे काम वीस-पंचवीस मिनिटांत होतं. पहिल्या दोन वेळा शिक्षकाने फळ्यावर एक चुकलेला पेपर, नाव न सांगता, सोडवून दाखवावा लागतो. नाहीतर मुलं सरसकट ‘ह’ लिहितात. हिशेबाची चूक कबूल करायला सोपी असते.

मग चूकवही. सगळ्या चुका नाही, फक्त तीन निवडायच्या, आणि त्यातही ‘ह’ आणि ‘र’ आधी, कारण त्या लवकर सुटतात. वहीत डाव्या बाजूला चुकलेली पायरी जशीच्या तशी, उजवीकडे दुरुस्त पायरी, खाली एका वाक्यात काय विसरलो ते. त्याच प्रकारची दोन उदाहरणं तिथल्या तिथे. पुन्हा दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी, वही न बघता. दहा दिवसांच्या आत शिक्षकाने फक्त त्या-त्या प्रकारांवर दहा गुणांची छोटी फेरचाचणी घ्यायची आणि नवे गुण जुन्यांच्या शेजारी लिहायचे. तीनचे सात झालेले ज्या दिवशी मुलाला दिसतात, त्या दिवशी त्याला खुरपलेलं रान पहिल्यांदा दिसतं. त्याआधी सांगितलेलं सगळं भाषण असतं.

यात काय बिघडतं तेही माहीत असावं. सगळ्यांत मोठा धोका म्हणजे वही सुंदर होते. तिचं ‘तपासणी’साठी रूपांतर होतं, शिक्षक अक्षर आणि समास बघतात, मूल गाईडमधून बरोबर उत्तर उतरवून मोकळं होतं. चुकलेली पायरी वहीत नसेल तर ती चूकवही नव्हे, शुद्धलेखन. दुसरा धोका पालकांचा: वही हातात पडली की ‘एवढ्या चुका!’ म्हणून ओरडा बसतो आणि मूल चुका लपवायला शिकतं. पालक सभेत वही दाखवण्याआधी तिचा उपयोग समजावून सांगावा लागतो. तिसरी अडचण साठ मुलांच्या वर्गाची आणि ‘पोर्शन’ची. दर चाचणीला हे जमणार नाही. सत्रात दोनदा केलं तरी पुरेसा फरक दिसतो. चौथी गोष्ट महत्त्वाची: निम्म्याहून जास्त फुल्यांशेजारी ‘क’ आला, तर चूकवही त्या मुलाच्या कामाची नाही. त्याला इयत्तेच्या खालून सुरुवात हवी.

त्याचाही अनुभव आपल्याकडेच आहे. २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची काटेकोर तपासणी झाली. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट, शाळेच्या वेळातले रोज दोन तास, आणि इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवून मूल जिथे आहे तिथून शिकवणं. दुसऱ्या वर्षाअखेर गुणांत ०.२८ प्रमाणित विचलनाची वाढ दिसली. शिक्षणातल्या उपायांत ही मोठी मानली जाते. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने त्यातली बरीचशी ओसरली, हेही सांगायला हवं. एकदा उन्हाळी शिबिर घेऊन फोटो काढण्याने भागत नाही. पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणि फेरपरीक्षा महाराष्ट्राने पुन्हा आणली. पण त्या दोन परीक्षांच्या मधल्या आठवड्यांत मुलाला नेमकं कोण, काय शिकवणार हे ठरलेलं नसेल, तर फेरपरीक्षा म्हणजे नशीब दुसऱ्यांदा आजमावणं.

दैवाचा एक नवा, वातानुकूलित अवतार आता शहरांत आला आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची ‘जन्मजात बुद्धिमत्ता’ सांगणारी डीएमआयटी चाचणी शाळांच्या सभागृहात हजारो रुपयांना विकली जाते. रंगीत अहवालात मेंदूचे भाग, टक्केवारी, सुचवलेलं करिअर, सगळं असतं. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलेलं आहे. बोटावरच्या रेषांत आणि तळहातावरच्या रेषांत मला तरी फरक दिसत नाही. मात्र तळहात बघणाऱ्याला शाळेच्या दारात कोणी उभं केलं नसतं आणि याला मुख्याध्यापक स्वतः माईक देतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने जोशी-ज्योतिषांच्या सल्ल्याला हात लावलेला नाही, तेव्हा इथे कायद्याची वाट बघण्यात अर्थ नाही. शाळेने आपलं सभागृह द्यायचं नाही, एवढं साधं आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या फायलीत ‘तार्किक क्षमता: कमी’ असा छापील कागद एकदा लागला की तो सटवीच्या लेखाइतकाच पक्का होतो, वर त्याची पावतीही असते.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘ग्रोथ माइंडसेट’ची पोस्टर्स आहेत. कॅरल ड्वेक यांची मूळ कल्पना, बुद्धी घडवता येते असं मानणारं मूल अपयशानंतर टिकून राहतं, चांगली आहे. पण २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर तिची तपासणी झाली तेव्हा कमी गुणांच्या मुलांत फरक पडला तो ग्रेडच्या चार गुणांच्या मापावर ०.१ इतका. तासाभराच्या ऑनलाइन पाठासाठी तो वाईट नाही. पण ज्या शाळांत सोबत्यांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची रीत होती तिथेच तो नीट टिकला. विश्वास आधी आणि परिस्थिती नंतर असा क्रम चालत नाही. ‘मी करू शकतो’ हे वाक्य दहा वेळा लिहून घेणारे गुरुजी हा क्रम उलटा लावतात.

परिस्थितीत जात येते, आणि ती सोडून हा विषय लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलय्ये सोडवायला दिले, दर बरोबर उत्तराला पैसे. जात उच्चारली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत लक्षणीय फरक नव्हता. सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, गाव, जात वाचून मग कोडी दिली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या साधारण पावपटीने घसरली. मुलं तीच, कोडी तीच. पूर्वजन्माचं पाप म्हणून जात भोगायची, हा दैववादाचा सगळ्यांत जुना आणि सोयीचा धडा. जोतीराव फुल्यांनी शिक्षणाचा आग्रह धरला तो याच धड्याविरुद्ध. आज कोणी तो वर्गात उघड शिकवत नाही. पण ‘एससीची मुलं उभी राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत’ ही हाक अनेक वर्गांत ऐकू येते, कधी चाचणीच्याच दिवशी. इथे सुधारणा फुकट आहे: फॉर्म पालकांना किंवा मुलाला एकेकट्याने, कार्यालयात, परीक्षेचा आठवडा सोडून द्यावेत. हजेरीपटावरचा प्रवर्गाचा रकाना वर्गात मोठ्याने वाचू नये.

नशीब खरोखर असतं अशीही एक जागा आहे, आणि तिथे आपण मुलांशी खोटं बोलतो. नीट २०२४ ला तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याशा वर. सरकारी महाविद्यालयांतल्या, परवडणाऱ्या, त्याच्या निम्म्या. कटऑफच्या आजूबाजूला दोन-चार गुणांत हजारो मुलं उभी असतात, आणि त्यातलं कोण आत जाईल हे त्या दिवशीच्या तापावर, एखाद्या संदिग्ध प्रश्नावर ठरतं. ‘मनापासून केलंस तर मिळणारच’ असं तिथे म्हणणं म्हणजे न मिळालेल्याला ‘तू मनापासून केलं नाहीस’ असं सांगणं. अशा मुलाने ‘नशिबात नव्हतं’ म्हटलं तर म्हणू द्यावं. त्या वाक्याने त्याला स्वतःची घृणा करण्यापासून वाचवलेलं असू शकतं. गंमत अशी की यासाठी लागणारं गणित आपण दहावीतच शिकवतो. संभाव्यतेचं प्रकरण नाणी, फासे आणि पत्त्यांवर संपतं, त्यात जागा आणि अर्जदारांचं एक उदाहरण घातलं तर मुलांना ताब्यातलं आणि ताब्याबाहेरचं वेगळं करता येईल.

घरी पत्रिका बघणाऱ्या पालकांशी वाद घालून काही हाती लागत नाही. साडेसाती खोटी, असं शिक्षकाने सांगितलं की घर शाळेविरुद्ध उभं राहतं. व्यवहाराचं बोलावं. दहावीची फेरपरीक्षा २०१५ पासून त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात होते, पूर्वीसारखी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागत नाही. तिचा फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत भरावा लागतो. तो चुकला की थेट पुढचा फेब्रुवारी-मार्च. गणितात दोन लेखी पेपर ४०-४० चे, अंतर्गत २०, उत्तीर्ण व्हायला मिळून ३५. मुलाला २८ असतील तर सात गुण कुठून आणायचे हे चूकवहीतून दाखवता येतं. ग्रहशांती करायची असेल तर करा, पण फॉर्म सोमवारी भरा, इतकंच म्हणावं. मुलींच्या बाबतीत अधिक सावध राहावं लागतं. तिथे ‘नशीब’ म्हणजे पुष्कळदा ठरलेलं लग्न असतं आणि नापास झाल्याचा निकाल हे निमित्त.

शेवटी ज्यांच्या बाबतीत नशीब हा शब्द सरकारच्या सर्वांत सोयीचा आहे, ती ऊसतोड कामगारांची मुलं. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघतात आणि गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून आई-बाप दोघांपैकी कोणी घरात मागे राहत नाही. मुलाचं दुसरं सत्र पूर्ण बुडतं, दरवर्षी. सातवीपर्यंत पोचताना त्याची जवळपास तीन वर्षं गेलेली असतात. ‘ऊसतोड्याच्या पोराच्या नशिबात शाळा नाही,’ असं त्याचा बापही म्हणतो आणि गटशिक्षणाधिकारीही. बापाने म्हटलं तर समजू शकतं. उपाय माहीत आहे: गावातच हंगामी वसतिगृह, जिथे आजी-आजोबा किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलाच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय होते. त्याची मंजुरी कागदावर असून चालत नाही, ती टोळ्या निघायच्या आधी यावी लागते. यादी ऑगस्टमध्ये, मंजुरी सप्टेंबरमध्ये, पहिलं जेवण घटस्थापनेच्या आत. डिसेंबरात वसतिगृह सुरू झालं तर तोवर मुलं फडावर पोचलेली असतात, हजेरीपट भरायला कोणाची तरी नावं लागतात, आणि ती कोणाची असतात हे तपासायला त्या महिन्यात कोणी येत नाही.